अकरा सेकंदांचा अंधार

एकदा एक सत्तरीतले गृहस्थ पाच मजली यंत्रमानवाच्या छातीत बसून युद्धाला निघाले. थांबा, पान उलटू नका! दृष्टांतकथेत ऋषी असावेत, आश्रम असावा, समिधा आणायला गेलेला शिष्य असावा, हे मलाही ठाऊक आहे. पण काळ बदलला तसे आश्रमही बदलले. आमच्या या ऋषींच्या कानांवर हेडफोन होते, आणि त्यांचा आश्रम म्हणजे इचलकरंजीतल्या एका साध्या घराची पुढची खोली.

त्यांना सगळे मगदूम अण्णा म्हणत. आयुष्यभर ते यंत्रमागांवर जॉबर होते, म्हणजे माग रुसला की त्याचं पोट उघडून दुखणं शोधणारे. निवृत्तीनंतर त्यांना या ऑनलाइन खेळाचा नाद लागला. आठ जणांचं पथक, समोर शत्रूचे आठ, प्रत्येकाजवळ एक अजस्र यंत्र, आणि लढाई पंधरा मिनिटांची. खेळाचा एकच नियम तुम्ही लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं कळेल. अस्त्र सोडलं की यंत्र तापतं. काटा लाल रेघेपलीकडे गेला की ते आपोआप बंद पडतं. मग चालकाचा पडदा काळा होतो, कानातला आवाजही जातो, आणि अकरा सेकंद ते धूड विजेच्या खांबासारखं जागच्या जागी उभं राहतं. त्या अवस्थेत त्याला कुणीही यावं आणि फोडून जावं.

अण्णांचा एक शिष्य होता, सम्मेद बिरनाळे. वय सव्वीस, हात चपळ, नजर तीक्ष्ण आणि जीभ त्याहून तीक्ष्ण. तीन वर्षं अण्णांकडे शिकत होता. पथकात नवा माणूस आला की सम्मेद त्याला आपल्या पहिल्या लढाईची हकीकत ऐकवल्याशिवाय राहत नसे. "आठ जण गेलो होतो. सात पडले. मी, पहिलाच दिवस माझा, शेवटची घंटा होईपर्यंत उभा!" ही हकीकत अण्णांनी वीसेक वेळा तरी ऐकली असेल. दरवेळी ते फक्त "हं" म्हणत आणि चहाचा घोट घेत. त्या लढाईत आपलं यंत्र मध्येच एकदा बंद पडलं होतं, हे मात्र सम्मेद सांगत नसे. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं!

एके दिवशी अण्णा म्हणाले, "सम्मेद, नवख्या खेळाडूंसाठी चार सूचना लिहून दे की. आल्या आल्या हातात ठेवायला बऱ्या."

चार कसल्या? पठ्ठ्याने बत्तीस लिहिल्या. पाठीचं कवच पातळ असतं, म्हणून शत्रूकडे पाठ करू नये. सर्व अस्त्रं एकदम सोडू नयेत. पथकापासून फार पुढे पळू नये. सगळं अगदी बरोबर होतं हो, नाव ठेवायला जागा नव्हती. आणि सातवी सूचना अशी होती: 'बंद पडलेल्या सोबत्याजवळ थांबू नये. तो गेला असे समजून पुढे जावे.'

अण्णांनी कागद शांतपणे वाचला. सातव्या सूचनेपाशी त्यांचं बोट जरा रेंगाळलं. मग ते म्हणाले, "शनिवारी एक नवीन बाई येणार आहेत. हे त्यांना पाठव, आणि त्या दिवशी तूच त्यांच्या बरोबरीने चाल."

"या शनिवारी?" सम्मेद उडालाच. "अण्णा, सलग नऊ लढाया जिंकल्यात आपण. ही दहावी जिंकली की पथक वरच्या श्रेणीत जाणार. आणि नेमकं त्याच दिवशी नवखं माणूस?"

"आठवा गडी गावाला गेलाय. सातांनी कसं जायचं?" अण्णा म्हणाले, आणि विषय संपला.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता हेमलता ओतारी हेडफोनवर हजर झाल्या. वय पन्नासच्या पुढे, मिरजेत शिवणक्लास चालवायच्या. बाईंचा आवाज परीक्षेला बसल्यासारखा होता. "सर, तुमच्या बत्तीसही सूचना मी वहीत उतरवून घेतल्यात. चुकले तर सांभाळून घ्या हं."

दुप्पट वयाची बाई आपल्याला 'सर' म्हणतेय, याने सम्मेद मनातून सुखावला. सुखावला म्हणजे काय, फुगलाच!

"काकू, या वयात हा खेळ कसा काय सुचला तुम्हाला?"

"माझी मुलगी जर्मनीत असते. फोनवर काय, दोन मिनिटांत बोलणं संपतं. पण रविवारी ती तासन्‌तास हे खेळते. म्हटलं, ती जिथे असते तिथे आपणच जावं. ती म्हणाली, आई, तू एका लढाईत दहा मिनिटं उभी राहून दाखव, मग घेते तुला माझ्या पथकात." बाई लाजून हसल्या. "दहा मिनिटं जमलं की झालं, सर."

लढाई सुरू झाली. एका उजाड खाणीतून पथक चाललं होतं. अण्णांचं अवजड यंत्र सर्वांत पुढे, सम्मेद आणि हेमलताबाई मागे. आठव्या मिनिटाला कड्यावरून शत्रूची तीन यंत्रं अचानक खाली उतरली. बाई घाबरल्या आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. होती नव्हती ती सगळी बटणं एकदम दाबली. काटा लाल रेघेपार गेला आणि यंत्र जागीच थिजलं.

"गेल्या बाई कामातून!" असं म्हणून सम्मेदने सातव्या सूचनेप्रमाणे आपलं यंत्र वळवलं आणि तो तिथून निघून गेला.

आणि मग ते घडलं. पुढे विजयाच्या वाटेवर असलेले अण्णा गर्रकन मागे फिरले. भराभर पावलं टाकत ते बाईंच्या बंद यंत्रापुढे येऊन उभे राहिले. त्यांचाही काटा लाल रेघेला टेकलेला होता. एक जरी अस्त्र सोडलं असतं तर तेही बंद पडले असते. म्हणून ते काही न करता नुसते उभे राहिले आणि मार खात राहिले.

"अण्णा, वेड लागलंय का तुम्हाला? मागे व्हा!" सम्मेद ओरडला.

दहाव्या सेकंदाला अण्णांचं यंत्र कोसळलं. अकराव्याला बाईंचं जागं झालं. त्या मिनिटभर कशाबशा लढल्या आणि पडल्या. अण्णाच गेल्यावर पथकाचा धीर सुटला आणि दहावी लढाई हातची गेली.

लढाईनंतर सगळे हेडफोनवरच बोलायला जमले. हेमलताबाईंना श्रेणीबिणी काही ठाऊक नव्हती. त्या हरखून म्हणाल्या, "सर, नऊ मिनिटं टिकले मी! आणि बहुतेक एकाला पाडलंसुद्धा. डोळे उघडले तर हा एवढा लोखंडाचा ढीग माझ्यासमोर!"

सम्मेदचा तोल सुटला. "तो ढीग अण्णांचा होता, बाई! तुमच्यासाठी मेले ते. तुमच्यापायी नऊ लढायांची मेहनत मातीत गेली. तुम्ही कुठल्या टिकताय? तुम्हाला टिकवलं! घरी बसून शिलाई मशीन चालवा, तेवढंच जमेल तुम्हाला."

बाईंचा बारीक आवाज आला. "माफ करा हं. मला खरंच कळलं नव्हतं." आणि पडद्यावरच्या खेळाडूंच्या यादीतून त्यांचं नाव नाहीसं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सम्मेद तावातावाने अण्णांच्या घरी गेला. अण्णा कालच्याबद्दल आपली माफी मागतील, निदान चूक तरी कबूल करतील, अशी त्याची अपेक्षा होती. अण्णांनी त्याला खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "तुझी पहिली लढाई लाव की जरा. रेकॉर्डिंग असेल ना?"

"पन्नासदा बघितलंय मी ते."

"कुणाच्या केबिनमधून?"

या खेळात झालेली लढाई कुणाच्याही यंत्रात बसून पुन्हा पाहता येते. सम्मेद म्हणाला, "माझ्याच. दुसऱ्याच्या कशाला बघू?"

"आणि ते मधलं काळं येतं, तेव्हा काय करतोस?"

सम्मेदचा हात माऊसवरच थबकला. तो भाग तो नेहमी पुढे ढकलायचा. काळ्या पडद्यात बघायचं काय?

"आज माझ्या केबिनमधून लाव," अण्णा म्हणाले.

सम्मेदने लावलं. समोर एक दरी होती, आणि तिच्या मधोमध एक नवंकोरं यंत्र भांबावून उभं होतं. त्याने सगळी अस्त्रं एकदम सोडली आणि ते थिजलं. ते यंत्र त्याचंच होतं. पाठोपाठ अण्णांची केबिन वळली. डावीकडून आणखी एक यंत्र धावत आलं, उजवीकडून दुसरं. तिघे त्या बंद यंत्राभोवती उभे राहिले आणि त्यांच्यावर गोळ्यांचा पाऊस सुरू झाला. कुणीतरी वैतागून म्हणत होतं, "अण्णा, हा कोण नवा आलाय? याच्यापायी सगळ्यांनीच मरायचं का?" अण्णांचा आवाज आला, "जागा होईपर्यंत." डावीकडचा कोसळला. उजवीकडचा कोसळला. आणि अण्णांचा पडदा विझण्याआधी त्यांचं शेवटचं वाक्य ऐकू आलं, "उठल्यावर त्याला सांगू नका रे कुणी. पहिलाच दिवस आहे त्याचा."

सम्मेदच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तीन वर्षं, वीस वेळा, छाती पुढे काढून सांगितलेली ती हकीकत! जे दोघे त्याच्यासाठी पडले होते, तेही कधीतरी समोर बसून ती ऐकत असतील आणि गालातल्या गालात हसत असतील. की हसतही नसतील? ते अधिकच वाईट होतं. आणि कालची बाई! नेमक्या त्याच जागी उभ्या असलेल्या माणसाला त्याने काय काय सुनावलं होतं. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, असं त्याला झालं. चहावर साय धरली तरी त्याला वर बघवेना.

"मला सांगितलं का नाही, अण्णा?" शेवटी तो पुटपुटला.

अण्णा म्हणाले, "यंत्र बंद पडतं तेव्हा आपल्याला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. उजाडतं तेव्हा आपण उभे असतो. माणसाला वाटतं, आपण आपल्या पायांवर उभे आहोत. नवख्याला तसं वाटू द्यावं, सम्मेद. त्या आनंदावरच तो दुसऱ्या दिवशी परत येतो. तुला सांगितलं असतं तर तू माझ्या उपकाराखाली वाकून चालला असतास, आणि वाकलेल्याला लढता येत नाही. मात्र जुना झाल्यावर माणसाने एकदा तरी दुसऱ्याच्या जागेवर बसून आपला अंधार बघावा. तू आपणहून बघशील म्हणून मी थांबलो. तिथे मी चुकलो. माझ्या थांबण्याचा त्रास काल त्या बाईंना झाला."

अण्णांनी आपली चूक कबूल केली होती. सकाळी हेच ऐकायला तो आला होता. आता ते शब्द त्याला सहन होईनात.

"मी त्यांना काय सांगू?"

"माफी माग, आणि सगळ्यांसमोर माग. काल सगळ्यांसमोरच बोललास ना? पुढचं तुझं तुला कळेल."

सम्मेदने फोन लावला. हेमलताबाई म्हणाल्या, "तुम्ही खरं तेच बोललात, सर. मी खेळ काढून टाकलाय. मुलीला सांगितलं, डोळे दुखतात."

"मला सर म्हणू नका, काकू." सम्मेद म्हणाला. "पहिल्या दिवशी माझंही यंत्र असंच बंद पडलं होतं. सगळी बटणं मीही एकदम दाबली होती. तीन वर्षं मी ते लपवलं. काल तुमच्यावर जो ओरडला, तो लबाड माणूस होता. शनिवारी सगळ्यांसमोर मला तुमची माफी मागायची आहे. तेवढ्यासाठी तरी या."

बाई त्या शनिवारी आल्या नाहीत. पुढच्याही नाही. दोन्ही शनिवारी सम्मेदने पथकासमोर आपली जुनी हकीकत त्या काळ्या भागासकट सांगितली, आणि बत्तीस सूचनांमधली सातवी खोडली. तिच्या जागी काय लिहावं हे त्याला सुचेना, म्हणून ती ओळ कोरीच राहिली. तिसऱ्या शनिवारी यादीत हेमलताबाईंचं नाव दिसलं. सम्मेदने सगळ्यांदेखत माफी मागितली. "जाऊ द्या हो," एवढंच त्या म्हणाल्या, पण या खेपेला त्यांच्या बोलण्यात 'सर' नव्हतं.

लढाई सुरू झाली. सातव्या मिनिटाला बाईंनी पुन्हा सगळी बटणं एकदम दाबली. भीती काय सूचना वाचून जाते? यंत्र थिजलं. शत्रू या वेळी मागून येत होता. सम्मेद वळला आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. मनातल्या मनात मोजत होता. आठ. नऊ. दहाला त्याच्या यंत्राचा हात तुटला. अकराला बाईंचं यंत्र जागं झालं आणि समोर चालू लागलं. मागे सम्मेद कोसळला, तो त्यांना दिसलाच नाही.

घंटा झाली तेव्हा बाई उभ्या होत्या. पंधरा मिनिटं! मग त्यांनी जरा भीत भीत विचारलं, "सम्मेद, खरं सांगा हं. आज माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं ना? मी माझी टिकले ना?"

पथकातल्या सातही जणांना खरं ठाऊक होतं. सम्मेदला आपला तीन वर्षांपूर्वीचा आवाज आठवला, आणि पुन्हा एकदा त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"कुणी नाही, काकू. तुमच्या तुम्हीच टिकलात."

खोटं बोलला. मी त्याला दोष देणार नाही.

"अगं बाई!" हेमलताबाई ओरडल्याच. "उद्या रविवार! थांबा, आत्ताच मुलीला फोन करते." आणि त्या निरोपही न घेता निघून गेल्या.

मग इचलकरंजीच्या त्या पुढच्या खोलीतून चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला, आणि अण्णा म्हणाले, "हं."