मुकी जखम

“सूज उतरली, लाली गेली. मग ताप कशानं चढतो, बाबा?”

केसोपंत वैद्य मठाच्या पायरीवर उभ्याउभ्याच विचारत होते. घोडा बाहेर तसाच सोडलेला. शिवगिरबाबा चुलीवर कडुनिंबाचा काढा उकळत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कुणाला?”

“राघोला. माझ्या धाकट्या भावाला. माजलेल्या रेड्यानं मांडीत शिंग घातलं.”

बाबांचा हात थांबला.

“तू काय केलंस?”

केसोपंत याच मठात पाला वाटायला शिकले होते. पुढे संस्थानात राजवैद्य झाले आणि तिथं त्यांनी निराळीच विद्या कमावली. सरदारांना रणात घाव चालतो, वाड्यात कण्हणं चालत नाही. केसोपंतांच्या हाताखालचा रोगी कधी कण्हत नसे. पोटात अफूची गोळी, जखमेवर चंदनाचा थंडगार लेप, आणि टाके असे की शिंप्यानं तोंडात बोटं घालावीत! त्या शांततेबद्दल दरबारातून शालजोडी मिळाली होती. माणूस फुगणार नाही तर काय होईल?

“लगेच शिवली,” ते म्हणाले. “लेप सुकला की बदलतो. आग म्हणून पडू दिली नाही.”

“ओरडला?”

“एकदाही नाही!”

सांगताना छाती जराशी वर आलीच. सवय जाते थोडीच.

बाबांनी काढ्याचं भांडं उतरवलं, फडक्यात बांधलं, मधाची बरणी काखेत मारली.

“चल.”

वाटेत केसोपंतांनी दोनदा विचारलं, “वाचेल ना, बाबा?”

बाबा चालत राहिले…

राघो माजघरात पडला होता. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे. सकाळी आईनं हाक मारली तर त्यानं ओ दिली नव्हती. ती माउली आता देवापाशी बसून होती आणि उठायला तयार नव्हती.

बाबांनी लेप पुसला. टाके खरंच सुरेख होते. त्यांनी जखमेभोवती बोटानं दाबलं. राघो हलला नाही. टाक्यांच्या फटीतून घाण वास आला.

“हात लाव,” बाबा म्हणाले.

केसोपंतांनी लावला. मांडी विझल्या चुलीसारखी गार होती.

“आता कपाळाला लाव.”

कपाळ भाजत होतं.

“अंगभर ताप… आणि जखमेलाच कसा पत्ता नाही?”

केसोपंतांनी पुन्हा टाक्यांकडे पाहिलं. शिंगाची जखम तोंडाशी अरुंद आणि आत खोल असते, हे त्यांना याच बाबांनी शिकवलं होतं. तोंड शिवून ते मोकळे झाले होते. आत काय चाललंय ते कळायला दुखणं हवं होतं, आणि दुखणं त्यांनीच झोपवलं होतं.

“काप टाके.”

“मी?”

“शिवले कुणी?”

“बाबा, लेप नाही, टाके नाहीत, मग भडका उडेल नुसता! निदान अफू तरी…”

बाबांनी अफूची डबी उचलली आणि आपल्या कमरेला खोचली.

केसोपंतांनी कातर धरली. एकेक टाका सुटला तसं आतून काळपट पाणी वाहिलं. बाबांनी कोमट काढ्यानं जखम तळापर्यंत धुतली, मधात भिजवलेली कापडाची वात खोल सरकवली आणि तोंड उघडंच ठेवलं. इतकी ओंगळ जखम केसोपंतांनी आपल्या हातून कधी ठेवली नव्हती.

एवढं सगळं झालं तरी राघोनं हूं की चूं केलं नाही. ज्या शांततेवर शालजोडी मिळाली, तिची आता केसोपंतांना भीती वाटू लागली.

“आता?”

“आता वाट बघायची.”

“कशाची?”

बाबा ओसरीवर जाऊन बसले. त्यांच्यापुढे भाकरी ठेवली, ती तशीच राहिली. ती रात्र केसोपंतांनी कशी काढली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. भावाच्या नाकापुढे सारखा हात धरून पाहत होते.

उजाडताना ते ओसरीवर धावत आले.

“घात झाला, बाबा! मांडी सुजली, लालभडक झाली, नुसती पेटलीय! बोट लावू देत नाही. ओरडून ओरडून आळी गोळा केलीय त्यानं!”

“काय म्हणतो?”

“म्हणणार काय? शिव्या देतोय… मला!” केसोपंतांनी आत बोट दाखवलं. “जन्मात माझ्यापुढं मान वर केली नाही त्यानं. दादाशिवाय हाक नाही. आणि आज म्हणतो, तुझे हात झडोत. म्हणतो, तू वैद्य नाहीस, कसाई आहेस!”

आतून आरोळी आली, “ए कसाबा! पाणी आण की! मेलास काय?”

देवापाशी बसलेली आई आतल्या आत हसली की रडली, कळलं नाही.

बाबांनी रात्रीची शिळी भाकरी पुढे ओढली आणि तुकडा मोडला.

“थोडासाच लेप लावू का, बाबा? अगदी पातळ…” केसोपंतांच्या हातात चंदनाची वाटी होती.

बाबांनी ती काढून घेतली आणि अंगणात रिकामी केली. मग शांतपणे घास चावत राहिले…

“काल दिल्या होत्या का शिव्या?”

“नाही.”

“मग जा. अजून थोड्या खाऊन ये.”