न चाखलेल्या काढ्याची कहाणी

ऐका कडूआई, तुमची कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. अक्षता हातात घ्या, गप्पा पुरे झाल्या.

नगर एक होतं आटपाट. नगराला डोंगर होता, डोंगरावर झाडपाला होता. तिथं गोदूबाई नावाची वैदीण राहत होती. साल आणावी, कुटावी, आठ वाट्या पाण्याच्या दोन वाट्या होईस्तो आटवावी, असा तिचा नेम. हाताला गुण मोठा. मरतेवेळी सासूनं तिला कडूआईचा वसा दिला होता. तो वसा कसा? नवा काढा उतरला की पहिली पळी आपण प्यावी. मग देवीपुढं ठेवावी. मग रोग्याला द्यावी. सासू म्हणाली, "आपल्या पोटात जे घातलं नाहीस, ते दुसऱ्याच्या पोटात घालू नको." गोदूबाईनं मान हलवली.

एके दिवशी काय झालं? पाटलाची सून मथुरा धावत आली. "गोदूकाकू, माझ्या तान्हीला आव लागली हो. मान टाकलीय पोरीनं!" गोदूबाईनं कुड्याची साल कुटली, काढा केला. पांढऱ्या कुड्याची साल आवेवर लागू पडते, ती कडूजहर. काळ्या कुड्याची दिसायला तशीच, पण तिला ना तो कडवटपणा, ना तो गुण. डोळ्याला कळत नाही, जिभेला कळतं. गोदूबाईनं पळी तोंडाशी नेली. मग आठवलं, आज सोमवार, आपला निर्जळी उपास. घोट घेतला तर पुण्य जाईल. पळी खाली ठेवली. बघा बायांनो, काय हे शहाणपण! पुण्य हिचं आणि पोट पोरीचं!

मग काढा मथुरेला दिला. पोरीला चार थेंब, आईला अर्धी वाटी. दुसऱ्या दिवशी मथुरा भीत भीत म्हणाली, "काकू, काढा कडू लागत नाही हो." गोदूबाई कडाडली, "काल आलेली पोर तू, मला चव शिकवतेस?"

एक दिवस गेला, गुण नाही. दुसरा गेला, गुण नाही. तिसऱ्या दिवशी पोरीनं डोळे फिरवले. पाटलीणबाईनं विचारलं, "असं कसं झालं?" चार बाया बघत होत्या. गोदूबाई म्हणाली, "काढा माझा खरा आहे. आईनं पथ्य मोडलं असेल, मिरची खाल्ली असेल. दुधातून बाधलं पोरीला." मग काय विचारता! सासूनं पोर ओढून घेतली, शेळीचं दूध लावलं, सुनेला गोठ्यात घातलं.

गोदूबाई घरी आली. तळाशी काढा उरला होता, तो जिभेवर घेतला. नुसतं पाणी! साल पाहिली, काळ्या कुड्याची. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग जाऊन सांगितलं का तिनं? छे हो! गुपचूप पांढऱ्या कुड्याचा काढा केला, चाखला, नेऊन दिला. तीन दिवसांत पोर हसायला लागली.

मग पाटलीणबाईनं गोदूबाईची ओटी भरली. खरं ओठांवर आलं, गिळलं. मग लुगडं पाठवलं. खरं ओठांवर आलं, गिळलं. मग सवाष्णी जेवायला बोलावल्या आणि पहिल्या पाटाचं आमंत्रण दिलं. गोदूबाई तेच लुगडं नेसून निघाली, तो दारात म्हातारी उभी. कडूआईच ती, पण ओळखणार कोण?

"जोगवा वाढ, बाई."

"कुठून आलीस, आजी?"

"पाटलाच्या गोठ्यातून. तिथं एक बाई छातीचं दूध पिळून मातीत टाकतेय. पोर आत रडते, ती बाहेर रडते. काय पथ्य मोडलं गं तिनं? तू वैदीण, तुला ठाऊक असेल."

गोदूबाईच्या हातातलं जोगव्याचं सूप खाली पडलं. वर बघते तो म्हातारी नाही.

मग ती पाटलाघरी गेली. पाटावर बसली नाही, उभीच राहिली. सगळ्यांदेखत म्हणाली, "बायांनो, मथुरेनं पथ्य मोडलं नाही. वसा मी मोडला. उपासाला जपलं, काढा चाखला नाही, साल चुकली. ही सांगत होती, मी हिलाच दटावलं. वर खोटं बोलले. पोर मरत होती, तरी खोटं बोलले."

पाटलीणबाई उठली, गोठ्यात गेली, सुनेला हाताला धरून आणलं. पोर मांडीवर दिली. पोरीनं एकदा तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवलं. मथुरेच्या डोळ्यांना धार लागली. तिसऱ्यांदा पोर प्यायला लागली. गोदूबाई वाकून मथुरेच्या पाया पडायला गेली. मथुरेनं पाय आखडले.

"पाया पडू नका, काकू. मी काही सांगितलं तर ऐकत जा, एवढंच."

गोदूबाईला मान वर करवली नाही. वसा तिनं पुन्हा घेतला, सोमवारीसुद्धा पाळला.

जशी मथुरेला तिची पोर मिळाली, तशी तुम्हाआम्हाला आपापली माणसं मिळोत. आणि कडूआई, गोदूबाईला जी लाज उशिरा वाटली, ती आम्हाला वेळेवर वाटो. साठ उत्तरांची कहाणी आटवून पाच उत्तरांची केली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.