धोंडभटांनी दिलेली घटका

नदीवर पूल नव्हता, घड्याळ कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, तेव्हाची, फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आडोळी गावात धोंडभट जोशी राहत. लग्न कुणाचंही असो, घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडायचं ते धोंडभटांनीच. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी ती. हळूहळू भरायची, आणि बुडाली की घटका झाली, मुहूर्त आला. चाळीस वर्षांत त्यांनी एका पळाचीही लबाडी केली नाही, असं म्हणतात.

मग त्यांच्याच पोरक्या नातीचं, चिमाचं लग्न ठरलं. मुहूर्त गोरजाचा, गुरं घरी परततात तेव्हाचा. दुसऱ्या दिवशी गुरू सिंह राशीत जाणार, म्हणजे पुढे वर्षभर लग्नं बंद. आणि मुलाच्या चुलत्याने आधीच सांगून ठेवलेलं, हा मुहूर्त हुकला तर आम्ही थांबणार नाही, दुसरी मुलगी पाहू.

नेमका त्याच दुपारी वरच्या अंगाला वळीव कोसळला. नदी तांबडी होऊन फुगली. पलीकडून वऱ्हाडाची होडी निघाली खरी, पण धारेला लागून खालीच वाहत चालली. इकडे वाटी निम्मी भरलेली.

शेजारची भागीरथीकाकू धोंडभटांच्या कानाशी लागली. "भटजीबुवा, वाटी जरा उचलून रिकामी करा की. कोण बघतंय?"

"पाणी बघतंय, वहिनी."

समोर चिमा हातातली माळ घट्ट आवळून एकटीच उभी. धोंडभट घंगाळावर वाकले आणि वाटीला हळूच म्हणाले, "बाई गं, लबाडी नाही करत. माझ्या आयुष्यातली एक घटका काढून घे, पण पोरीला दे."

वाटी काठोकाठ आली आणि थांबली. थेंबभर पाणी आत येईना. सूर्य डोंगराच्या कडेवर टेकला तो टेकलाच. वेशीतल्या गाईंनी उचललेलं पाऊल खाली ठेवलं नाही, त्यांच्या खुरांची धूळ हवेत तशीच लोंबकळत राहिली. साऱ्या गावात एकच आवाज होता, वल्ह्यांचा. मांडवातल्या बायकांनी भीतीने एकमेकींचे हात धरले, असं म्हणतात.

होडी लागली. नवरदेव चिखलाच्या पायांनी धावत आला, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. शेवटच्या 'सावधान'ला वाटी बुडाली आणि वेशीत गाई हंबरल्या.

भोकात अक्षतेचा दाणा अडकला असेल, म्हणून लोकांनी वाटी उजेडाला धरून पाहिली. भोक मोकळं होतं.

धोंडभटांनी स्वतःची पत्रिका स्वतःच मांडली होती. माघ वद्य नवमी, सूर्यास्ताला देह पडेल, असं त्यात लिहिलेलं. पुढे कितीतरी वर्षांनी ती नवमी आली. चिमा लेकरं घेऊन माहेरी आली, उशाशी बसली. धोंडभट गेले तेव्हा सूर्य डोंगराच्या वर होता. तिने उठून घंगाळात वाटी सोडली. वाटी बुडाली, आणि सूर्यही.

आजही आडोळीत लग्न असलं की आधी एक वाटी सोडतात, मुहूर्तासाठी नव्हे, वाटेत अडकलेल्या माणसासाठी. ती बुडेपर्यंत कुणी घड्याळ बघत नाही, मोबाइलसुद्धा पालथे ठेवतात. ती घटका धोंडभटांची.