तोंड झाकलेले साक्षीदार

“पण बाबा, एकजणही घाबरला कसा नाही?”

तुषार कानगुडेने पुन्हा तेच विचारलं. नदीकाठच्या तकियात, आपल्या फकिरी झोपडीत, मीरांबाबा चहात साखर ढवळत बसले होते. फकिराला कसली घाई? घाई तुषारला होती. त्याने पदरमोड करून काढलेला चित्रपट काल गावात सपशेल आपटला होता.

चित्रपट राजकारणावरचा. दिसायला माहितीपट, आत सगळं रचलेलं. जिल्हा खोटा, पुढारी खोटा, बेपत्ता झालेला माणूसही खोटा. साक्षीदार म्हणून नट बसवलेले आणि त्यांची तोंडं काळ्या पट्टीने झाकलेली. तुषारला वाटलं होतं, बघणाऱ्यांना कापरं भरेल. लोकांनी जांभया दिल्या. एका म्हातारीने तर हा जिल्हा नेमका कुठे आला, असं शेजारणीला विचारलं.

पहिल्या रांगेत गावचे पुढारी अप्पा बसले होते. ज्यांच्यावर हे सगळं बेतलं होतं, तेच अप्पा. सर्वांत मोठ्या टाळ्या त्यांच्या. वर तुषारच्या पाठीवर थाप मारून, असल्या लोकांना उघडं पाडलंच पाहिजे, असंही म्हणाले. तो हात पाठीवर होता तोवर तुषारला श्वास घेता आला नव्हता.

“एकजण घाबरला होता,” बाबा म्हणाले.

“कोण?”

“ज्याने पिक्चर काढला तो.”

तुषारला झोंबलं. पुण्यात शिकून आलेला माणूस, असं तोंडावर कसं ऐकून घेणार? ही एक शैली आहे, खोट्याच्या आडून खरं सांगायचं असतं, असं त्याने बाबांना बरंच समजावलं. बाबांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं.

“त्या नाहीशा झालेल्या माणसाचं नाव काय?”

“काल्पनिक आहे, बाबा.”

“खऱ्याचं विचारतोय.”

तुषारने दाराकडे पाहिलं…

नाव गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सोपान झेंडे. अप्पांचे वाळूचे ट्रक त्याने नदीपात्रात अडवले आणि थोड्याच दिवसांत तो गायब झाला. त्याची बायको अजून त्याची वाट बघते. पण ते नाव तुषारने मोठ्याने कधीच घेतलं नव्हतं.

बाबा उठले, खिडकीपाशी उजेडात जाऊन बसले. डोक्याचा हिरवा रुमाल सोडून त्यांनी मांडीवर ठेवला.

“कॅमेरा आणलायस ना? लाव.”

तुषारने लावला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बाबांचा चेहरा आला. कुणीही ओळखावा इतका स्वच्छ.

“सोपान त्या दिवशी इथे जेवला,” बाबा म्हणाले. “त्याला न्यायला गाडी आली. आत कोण होतं, ते मी पाहिलं. विचारल्याशिवाय फकिराने बोलू नये, असा या तकियाचा रिवाज आहे. पोलिसांनी विचारलं नाही. गावानेही नाही… तू विचार.”



“तोंड तरी झाका, बाबा. मी पट्टी लावतो.”

“मग तो मी कसा?”

“ते तुम्हाला सोडणार नाहीत. मलाही नाही.”

बाहेर रस्त्यावर एक गाडी हळू झाली.



इंजिन दाराशी जरा वेळ घुरघुरलं, मग गाडी पुढे निघून गेली. तुषारने पाहिलं, बाबांनी मांडीवरचा रुमाल मुठीत घट्ट आवळून धरला होता.

“तुम्हालाही भीती वाटते?”

“फार वाटते, बेटा.”

“मग कशाला हे?”

बाबा कॅमेऱ्याकडे बघत राहिले…

“तू विचारलंस, तर भ्यायला आपण दोघंच. नाही विचारलंस, तर आख्खं गाव भीतच राहील.”