सहा गाठींचा नारळ

आमच्या विद्यापीठाने वर्षभरात परदेशी विद्यापीठांशी सहा सहकार्य करार केले, पण तिकडे एकही विद्यार्थी गेला नाही. तृप्ती गावितची संशोधनासाठी निवड झाली होती. समन्वयक इंगळेबाईंनी तिचं पत्र तीनदा कुलगुरूंपुढे ठेवलं. ते सहीवाचून पडून राहिलं आणि मुदत संपून तिची जागा गेली.

सातव्या कराराला पोलंडचे पाहुणे आले. शाल-श्रीफळ झालं. कुलगुरू ऐटीत म्हणाले, "मॅडम, आधीच्या करारांतून काय देवाणघेवाण झाली, सांगा पाहुण्यांना."

बाईंनी पाहुण्यांच्या हातातला नारळ मागून घेतला. त्याच्या शेंडीला बांधलेल्या दोऱ्याला सहा गाठी होत्या.

"या नारळाची झाली, सर. पाहुण्यांना त्याचं काय करायचं कळत नाही, म्हणून ते तो अतिथिगृहात ठेवून जातात. आपण तोच पुढच्यांना देतो. दर करारानंतर मी एक गाठ मारत आले. सहा करारांत या सभागृहाबाहेर पडलेला हा एकटाच, आणि तोही अतिथिगृहापर्यंत जाऊन परत आला."

मागच्या रांगेत तृप्ती खाली मान घालून बसली होती.

कुलगुरूंनी करारावर सही केली, सचिवांना जवळ बोलावलं आणि हळूच बजावलं, "पुढच्या वेळी नवा नारळ आणा."