मधली मोकळी जागा

"बाबा, तुम्हीच सांगा, बत्तीस मोठे की शहात्तर?"

गंगाधर टेकाळेनं आल्या आल्या हे विचारलं. राम राम नाही, सलाम नाही.

नूरशाबाबांनी मलिद्याचं ताट शेजारच्याकडं सरकवलं. "शहात्तर काय, बेटा?"

"लाख! लाख चौरस किलोमीटर. आपला देश बत्तीस लाखांचा, ऑस्ट्रेलिया शहात्तर लाखांचा. दुपटीहून मोठा. आणि माणसं? आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्शानंसुद्धा नाहीत."

मी गंगाधरबरोबरच गेलो होतो. माझ्या बियाण्याच्या दुकानाचं तो वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, आणि बाबांचा त्याहून जुना शिष्य. सोमवारी त्याची खरेदीखताची तारीख होती. बापजाद्यांची चौदा एकर काळी जमीन, दोन भरल्या विहिरींसकट, विकायची आणि तिकडं बाराशे एकर घ्यायची. एजंटानं मोबाइलवर फोटो दाखवले होते. जमीन पाहायला कुणी गेलं नव्हतं.

आमच्याकडं माणूस बैल घेताना दात बघतो, वांगी घेताना देठ दाबून बघतो. मी हे बोललो, तर गंगाधर म्हणाला, "शेठ, तुम्ही पुड्या विका." घरात त्याच्या बायकोनं दोन दिवस अन्न सोडलं होतं. शेवटी ठरलं, बाबा म्हणतील ते खरं.

बाबांचा तकिया म्हणजे गावाबाहेरचा मोठा वड, खाली सारवलेलं अंगण, कडेला पत्र्याची एक खोली. गुरुवार होता. तीस-चाळीस माणसं मलिद्याला आलेली. पण सगळी खोलीच्या भिंतीला चिकटून, गुडघ्याला गुडघा लावून, निम्मी तर उन्हात. वडाखालची मधली गार सावली अख्खी मोकळी.

मी सवयीनं गर्दीत घुसलो. दोघांच्या मधे कसाबसा मावलो.

गंगाधर मधे जाऊन मांडी ठोकून बसला.

"इकडं ये," बाबा म्हणाले.

"इथं ऐसपैस आहे, बाबा."

"ये इकडं..."

"राहू द्या हो. गर्दीचाच तर कंटाळा आलाय."



गंगाधरनं काटकी घेतली आणि सारवणावर रेघा ओढायला लागला. आधी आपला देश काढला, गुडघ्याजवळ, हातभर. मग बसल्या जागी गोल फिरत स्वतःभोवती दुसरा काढला. चांगला अंगणभर.

"आपल्याकडं शंभरातली निम्मी जमीन नांगराखाली. बांधावरसुद्धा तूर लावतो आपण. तिकडं शंभरातली चार-पाच! बाकी सगळी चरायला नाहीतर नुसती पडून. म्हणजे बघा, केवढी जागा आहे!"

"लोक कुठं राहतात?" बाबांनी विचारलं.

"कडेकडेनं. समुद्राला धरून."

"सगळे?"

"जवळजवळ सगळे."

"आणि तू बसलास, तिथं?"

"हा मधला भाग. इथं कोसन् कोस माणूस नाही, बाबा!" त्यानं मांडीशेजारी एक खडा ठेवला. "हे माझे बाराशे एकर."

"मग कडेला राहणारे वेडे आहेत का?"

"वेडेच म्हणायचे!" गंगाधर हसला.

भिंतीकडचं कुणीच हसलं नाही.

तेव्हा कुठं माझं लक्ष धुनीकडं गेलं. माझ्या आठवणीत ती धुनी कधी विझलेली नव्हती. आज राख थंड होती, वर पाणी मारलेलं. शेजारी आडतीवरचा हमाल बसला होता. त्याच्या कानाशी लागलो. "धुनी का विझवली रे?"

त्यानं डोळे तेवढे वर नेले.

मीही नेले.

गंगाधरच्या डोक्यावर, दोन पुरुष उंच फांदीला, सुपाएवढं काळं काहीतरी लटकत होतं. आणि ते... जिवंत होतं. अंगावर शहारा यावा तशी त्याच्यावरून एक लाट गेली.

आग्या मोहोळ! धुरानं ते उठू नये म्हणून धुनी विझवलेली.

गेल्या साली ह्याच माश्यांनी खुंट्याला बांधलेला बैल मारला होता.

मी हातानं खूण केली, ये, ये.

"शेठ, तुम्हाला गर्दीची सवय आहे," गंगाधर म्हणाला. "आम्हाला जरा मोकळं..."

बोलता बोलता त्यानं मान खाजवली. मानेला एजंटानं दिलेलं विलायती सेंट चोपडलेलं. घमघमाट माझ्यापर्यंत येत होता. एक माशी खाली उतरली, कॉलरवर बसली. मग दुसरी. मग पाच-सहा.

"बेटा," बाबा अगदी हळू म्हणाले, "आता हलू नकोस."

गंगाधरनं वर पाहिलं.

मी खूप घाबरलेली माणसं पाहिलीत. पण डोळ्यांदेखत एखाद्याच्या तोंडावरचा रंग असा पायरीपायरीनं उतरताना पाहिला नव्हता.

आणि त्याच्या खिशातला फोन वाजला.

हात खिशाकडं निघाला...

"हात खाली."

हात खाली गेला. फोन वाजत राहिला. एजंटाचंच नाव असणार, सकाळपासून तोच करत होता. वरून घुं... असा आवाज. वाजून वाजून फोन आपोआप थांबला.

सत्तरी उलटलेले बाबा उठले. खांद्यावरची घोंगडी काढली. पावलं न वाजवता मधे गेले आणि घोंगडी गंगाधरच्या डोक्यावरून अशी सोडली, जशी आई निजलेल्या लेकरावर सोडते. त्याला उठवलं. एक पाऊल... थांबले. दुसरं पाऊल... थांबले. घोंगडीच्या काठानं शहात्तर लाख पुसले गेले, खडाही कुठंतरी घरंगळला.

भिंतीपाशी येईपर्यंत बाबांच्या हातावर दोन डंख उठले होते. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

घोंगडीतून गंगाधरचं डोकं बाहेर आलं. ओठ पांढरे. पहिला शब्द फुटला तो रागाचा.

"सगळ्यांना माहीत होतं? सगळ्यांना? आणि मी तिथं..."

"दोनदा हाक मारली बाबांनी," हमाल म्हणाला.

"पण मला काय माहीत! मला जागा मोकळी दिसली, म्हणून मी..."

तो तिथंच अडकला.

त्याची नजर मधल्या सावलीवर गेली, पुसलेल्या रेघांवर गेली, तिथून भिंतीला चिकटलेल्या माणसांवर आली.

फोन पुन्हा वाजला.

त्यानं तो काढला. नाव पाहिलं. आवाज बंद केला आणि फोन परत खिशात ठेवला.

वड घुमत होता.

बाबांनी हातातला काटा चिमटीनं उपसला आणि भिंतीकडच्या गर्दीला म्हणाले,

"सरका रे थोडं. चौदा एकरवाल्याला बसू द्या."