आकव्वा तेलिणीचा मठ

मोहरगाव नावाच्या खेड्यात फार जुना मठ होता. तिथले चिद्घनस्वामी आल्यागेल्याला अभिमानाने सांगत, "हा मठ भोगादित्य राजाने बांधला. हजार वर्षांपूर्वी!"

एकदा त्यांनी मठाचा मोठा उत्सव ठरवला. राजाच्या वंशातल्या जयसिंगरावांना पाहुणे म्हणून बोलावले. मठाचा इतिहास लिहायला शहरातून वासंतीबाई खरवंडीकर आल्या.

वासंतीबाईंनी मठातला ताम्रपट भिंगाखाली धरून तीन दिवस वाचला. मग म्हणाल्या, "स्वामीजी, राजाने जमीन दिली हे खरं. पण इथं लिहिलंय, 'येथील जुन्या मठास.' म्हणजे राजाच्या आधीही मठ होताच."

"मग बांधला कोणी?"

"ते यात नाही. आता जमिनीलाच विचारू."

मठामागे खोदकाम सुरू झाले. राजाच्या काळातल्या घडीव दगडी भिंतीखाली साध्या विटांची भिंत लागली. तिच्याशेजारी तेलाच्या घाण्याचे दगडी उखळ निघाले. आठव्या दिवशी हातभर लांबीची शिळा सापडली. वासंतीबाईंनी माती झाडली आणि अडखळत वाचले, "आकव्वा तेलिणीने घाण्याची जागा दिली. वाटेने जाणाऱ्या संन्याशांसाठी हा मठ बांधला."

विश्वस्त नरहरपंत घाबरले. "स्वामीजी, उत्सव चार दिवसांवर आलाय! शिळेवर माती लोटा. जयसिंगरावांना काय सांगायचं?"

स्वामींनी वासंतीबाईंकडे पाहिले.

"मी जे सापडलं तेच लिहिणार," त्या म्हणाल्या. "लोकांना काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा."

स्वामी खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. चाळीस वर्षे सांगितलेली गोष्ट आपल्याच तोंडाने मोडायची होती. बऱ्याच वेळाने ते खाली उतरले, शिळेवरून हात फिरवला आणि एकदम हसू लागले.

"अहो पंत, चाळीस वर्षं मी राजाचेच गोडवे गातोय! जिनं आपल्याला इथं जागा दिली, त्या माउलीला एकदाही हात जोडले नाहीत. काढा ही शिळा वर."

उत्सवाच्या दिवशी स्वामींनी भरल्या मांडवात ती शिळा वाचून दाखवली आणि स्वतःची चूक कबूल केली. नेहमी मागे बसणाऱ्या गावच्या तेलिणी एकमेकींकडे बघतच राहिल्या. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गोदूबाईंना स्वामींनी पुढे बोलावले आणि शिळेला पहिला हार त्यांच्या हातून घालून घेतला.

नरहरपंतांनी भीतभीत जयसिंगरावांकडे पाहिले. जयसिंगराव उठले आणि गोदूबाईंच्या मागे जाऊन उभे राहिले.

"आमचा राजा तुमच्या आकव्वाच्या मागूनच आला होता, आजी," ते हसत म्हणाले. "आज माझा नंबरही तुमच्या मागेच."

सगळा मांडव हसला आणि शिळेला हार घालायला रांग लागली.

तात्पर्य: खरे कळल्यावर आपली चूक जो मोकळ्या मनाने कबूल करतो, त्याचा मान कमी होत नाही, उलट ज्यांचा मान राहून गेला, त्यांनाही तो मिळतो.